कागद तसाच राहिला, भांडण मात्र गाजलं

पत्र :

नमस्कार ताई,
मी सातारा जिल्ह्यातला एक निवृत्त शिक्षक. २०१६ साली मोडी लिपीचा वर्ग केल्यावर आम्ही काही जणांनी एक व्हॉट्सअ‍ॅप गट काढला. कुणाच्या घरी जुना कागद सापडला की त्याने फोटो टाकायचा, जमेल त्याने वाचून द्यायचा. पहिली काही वर्षं फार आनंदात गेली. आता गटात नऊशेच्या वर माणसं आहेत आणि माझी झोप उडाली आहे. रात्री बारा वाजता ‘अर्जंट’ म्हणून धुरकट फोटो येतात. तोच कागद पुन्हा दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. वाचून दिला की माणूस आभारही न मानता गट सोडून जातो. सकाळी सुप्रभात, दुपारी फॉरवर्ड, संध्याकाळी आडनावांवरून हाणामारी. दोन भगिनी ‘खासगीत नको ते मेसेज येतात’ असं सांगून निघून गेल्या. आमचे अण्णा गटातले सगळ्यांत जाणकार, पण तेही आता चिडचिडे झालेत. परवा एका मुलीने कागद वाचायचा प्रयत्न केला तर त्यांनी लिहिलं, ‘आधी बाळबोध तरी शिकून या’, म्हणजे साधी देवनागरी. ती पुन्हा काही बोलली नाही. अर्थात अण्णांचंही खरंच आहे, लोक अभ्यास करत नाहीत. आता मी काय करू? फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं करू, की गट बंदच करून टाकू? उद्या कुणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस मला धरतील का, ही धास्तीही आहेच.
– वैतागलेला अ‍ॅडमिन
ता. क. : गटातले एक गृहस्थ लोकांना खासगीत गाठून, पैसे घेऊन कागद वाचून देतात असं कळलं. त्यांना काढू का?

उत्तर :

सर, आधी पोलिसांचं उरकू, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गोंदिया जिल्ह्यातलं असंच एक प्रकरण आलं होतं. गटातल्या एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल गलिच्छ भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला गटातून काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. २०२१ मध्ये न्यायालयाने अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराची फौजदारी जबाबदारी त्याच्या गळ्यात पडत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत दिसला पाहिजे, असं त्या निकालात म्हटलं आहे. पुढच्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निर्णय दिला. तेव्हा ही धास्ती मनातून काढून टाका. गोंदियातला तो अ‍ॅडमिन गुन्ह्यातून सुटला, पण त्याच्या जागी मी असते तर त्या सदस्याला तेव्हाच काढलं असतं. तुमच्या पत्रातल्या दोन भगिनींबद्दल बोलताना हे पुन्हा काढणार आहे.

आता मूळ मुद्दा. तुमचं पत्र मी वाचलं तेव्हा त्यात सुप्रभातवाले सापडले, अर्जंटवाले सापडले, आडनाववाले सापडले, अण्णा सापडले. एक गोष्ट सापडली नाही. गेल्या महिन्यात गटात किती कागद आले आणि त्यातले किती वाचून झाले, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. गट कशासाठी काढला होता, तर कागद वाचायला. आणि त्रास मोजता मोजता कागद मोजायचे राहून गेले. म्हणून बाकी काही करण्याआधी एका रविवारी चहा घेऊन बसा आणि महिन्याभराचे मेसेज मागे सरकवत जा. ज्या कागदाला उत्तर मिळालं नाही तो वहीत उतरवा. माझा अंदाज असा की नीट फोटो काढून, ‘कृपया’ लिहून, एकदाच विचारणारी माणसंच त्या यादीत जास्त निघतील. ज्याने सलग चार दिवस तगादा लावला त्याचा कागद कुणीतरी वैतागून का होईना वाचून दिला असेल. गट असं शिकवत असेल की ओरडणाऱ्याला मिळतं, तर लोक ओरडायला शिकणारच.

ही माझ्या मनची कल्पना नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आणि जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली बातम्यांच्या चार मोठ्या संकेतस्थळांवरच्या वाचकांच्या प्रतिक्रिया तपासल्या. ज्यांच्या लिखाणाला लोकांनी नापसंतीची मतं दिली ते गप्प बसले नाहीत, उलट जास्त लिहू लागले, आणि आधीपेक्षा वाईट लिहू लागले. सगळ्यांत जास्त निघून गेले ते ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही ते. तुमच्या गटाला हे लावून बघा. सुप्रभातवाल्याला रोज तिघं जण झापतात, तो रोज येतो. कोरेगावहून पणजोबांचं खरेदीखत पाठवणारी बाई एकदा विचारते, उत्तर येत नाही, ती जाते. तिच्या जाण्याचा आवाज होत नाही म्हणून तुमच्या पत्रात ती नाही.

तेव्हा माझा सल्ला एवढाच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार समजा. गटाचं लक्ष हेच गटाचं भांडवल. ते त्रासावर उधळू नका, कागदांवर लावा. गट बंद करू नका. फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं असंही करू नका. तसं केलंत तर नऊशे जण तुमचं तोंड बघत बसतील आणि सगळे कागद तुमच्या एकट्याच्या खासगी खिडकीत येऊन पडतील. झोपेचं नाव काढायला नको.

गर्दीबद्दल बोलू. तुम्ही कधीपासून त्रास वाढला ते लिहिलं नाहीत, पण २०२३ च्या शेवटापासून वाढला असेल अशी मी पैज लावायला तयार आहे. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी, ज्यांवरून मराठा कुटुंबांना आरक्षणासाठी कुणबी दाखला मिळतो, त्या शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, मग शोध राज्यभर पसरला आणि तहसिलांमधली जुनी दप्तरं उघडली. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जुनी जन्म-मृत्यूची नोंद. त्यातलं बरंच मोडीत. ज्यांनी आयुष्यात मोडीचं अक्षर पाहिलं नव्हतं त्यांच्या हातात अचानक मोडीचा कागद आला, आणि त्या कागदावर मुलीचा प्रवेश किंवा मुलाची नोकरी अडकलेली. तो माणूस रात्री बाराला ‘अर्जंट’ लिहितो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तुमच्यासाठी मोडी हा छंद आहे, त्याच्यासाठी ती खिडकीवरची रांग आहे. दोघं एकाच गटात आलात, एवढंच काय ते झालंय.

जगात हे पूर्वीही झालेलं आहे. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात युझनेट नावाचे चर्चागट होते, बहुतेक विद्यापीठांतल्या लोकांचे. दर सप्टेंबरला अमेरिकेत नवी मुलं कॉलेजात यायची, त्यांना खाती मिळायची आणि गटांत महिनाभर धुडगूस चालायचा. मग जुनी मंडळी त्यांना वळण लावायची आणि थंडी पडेपर्यंत सगळं शांत व्हायचं. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना युझनेटचं दार उघडून दिलं आणि नव्यांची लाट ओसरेचना. जुनी मंडळी वैतागून म्हणू लागली की १९९३ चा सप्टेंबर काही संपत नाही. वळण लावण्याची त्यांची पद्धत एकेकाला समजावण्याची होती. शंभर माणसांना ती पुरली, लाखाला पुरली नाही. तुमचंही तेच झालंय. तीस जणांचा गट असताना ‘फोटो जरा सरळ काढा हो’ असं प्रत्येकाला सांगता येत होतं. नऊशेंना तेच रोज सांगायला लागलात तर माणूस अण्णा होतो.

यावर उपाय म्हणजे आधीच सांगून ठेवणं, आणि दिसेल असं सांगणं. तुम्ही म्हणाल नियम लिहिलेले आहेत की, गटाच्या माहितीत. तिथे कोण जातं? रेडिट या संकेतस्थळावरच्या विज्ञानविषयक चर्चांमध्ये एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही चर्चांच्या अगदी वर नियम ठळक लावले, काहींना लावले नाहीत. जिथे नियम समोर दिसत होते तिथे नव्या लोकांचं नियम पाळण्याचं प्रमाण आठ टक्केबिंदूंहून थोडं अधिक वाढलं. त्याहून गमतीची गोष्ट पुढची : तिथे नव्या लोकांचा सहभागही सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. आपल्याला वाटतं नियम दिसले की माणसं बिचकतील. प्रत्यक्षात काय करायचं हे कळल्यामुळे ती धीर करून बोलली.

व्हॉट्सअ‍ॅपवर आता मेसेज वर टाचून ठेवता येतो. तिथे ‘सुप्रभात टाकू नये, राजकारण करू नये, उद्धटपणा करू नये’ अशी नकारघंटा वाजवू नका. कागद कसा टाकायचा ते लिहा. मी असं लिहीन : “कागद वाचून हवाय? दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून, कागद सपाट ठेवून फोटो काढा. एक पूर्ण पानाचा आणि दोन-तीन जवळून. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे अक्षरं फुटत नाहीत. सोबत गाव, तालुका, कागद कुठून मिळाला, अंदाजे कुठल्या काळातला आणि त्यात नेमकं काय शोधताय ते लिहा. आडनाव माहीत असेल तर सांगा. कुणी वाचायला घेतला की तुमच्या फोटोवर डोळ्याचं चिन्ह दिसेल. सात दिवसांत काही झालं नाही तर पुन्हा टाका, त्याआधी नको.” एवढं पुरे. यातलं प्रत्येक वाक्य वाचणाऱ्याच्या कामाचं आहे आणि विचारणाऱ्याच्याही फायद्याचं आहे. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या माणसाला आपण वाईट वागतोय याची कल्पनाच नसते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

त्या डोळ्याच्या चिन्हाला क्षुल्लक समजू नका. तोच कागद पुन्हा पुन्हा टाकण्यामागे बहुतेक वेळा उद्दामपणा नसतो, आपला मेसेज कुणी पाहिला की नाही हेच कळत नसतं. नऊशेंच्या गटात मेसेज तासाभरात वाहून जातो. पाहिलंय, कुणीतरी हातात घेतलंय, एवढी खूण मिळाली की निम्म्याहून जास्त माणसं शांत बसतील. आणि वाचताच येत नाही असा कागद असेल, फाटलेला, शाई पसरलेली, तर तसं एका ओळीत सांगून टाका. ‘वाचता येत नाही’ हेही उत्तरच आहे.

आभार न मानता जाणाऱ्यांचं मनाला लावून घेऊ नका. एसटीतून उतरताना कंडक्टरचे आभार मानणारे असे किती असतात?

सुप्रभात आणि फॉरवर्ड यांवर मी फार वेळ घालवणार नाही, तुम्हीही घालवू नका. अ‍ॅडमिनला आता कुणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसता येतो. पुसा. टोमणा नको, ‘कितीदा सांगायचं’ नको, नुसतं पुसा. फूल आणि सूर्योदय पाठवणाऱ्या काका-काकूंना अपमान केलेला कळतो, पुसलेलं बऱ्याचदा कळतही नाही. फक्त एका प्रकारच्या फॉरवर्डला ही सवलत देऊ नका. अमुक टोळी आली आहे, मुलं पळवतात, सावध राहा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेवरून जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. असा मेसेज दिसला तर पुसा, आणि का पुसला ते गटात एका वाक्यात लिहा.

आडनावांची हाणामारी हा तुमच्याकडचा खास प्रकार आहे आणि तो मोडी कागदांमुळेच येतो. कागदात एक नाव निघतं, कुणीतरी म्हणतं म्हणजे हे मूळचे अमुक, दुसरा म्हणतो छे छे, तिसरा सातशे वर्षं मागे जातो. मूळ कागदवाला बिचारा कधीच गप्प झालेला असतो. इथे नियम एकच ठेवा, तो टाचलेल्या मेसेजच्या शेवटी घाला : या गटात कागदावर काय लिहिलंय एवढंच वाचलं जातं, त्यावरून काय सिद्ध होतं ते इथे ठरत नाही. ते ठरवायला समित्या आहेत, कार्यालयं आहेत, न्यायालयं आहेत. कुणी काडी टाकलीच तर हा नियम एकदा पुन्हा चिकटवा आणि पुढचा कागद वाचायला घ्या. मराठी संस्थळांवर, मायबोलीसारख्या १९९६ पासून चालत आलेल्या ठिकाणी, जुन्या मंडळींनी काडी टाकणाऱ्यांना अनुल्लेखाने मारायची रीत फार पूर्वी बसवली. त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. कठीण आहे. सगळ्यांत कठीण अ‍ॅडमिनलाच जातं, कारण शेवटचा शब्द आपला असावा असं त्यालाच जास्त वाटतं.

पण अनुल्लेख सगळ्याला लागू नाही, आणि इथे मी त्या दोन भगिनींकडे येते. व्हॉट्सअ‍ॅप गटात प्रत्येकाचा फोन नंबर नऊशे अनोळखी माणसांपुढे उघडा असतो. कागदाबद्दल विचारायचं निमित्त करून ‘जेवलात का’, मग ‘डीपी छान आहे’, मग त्यापुढचं. तुम्ही पत्रात हे आडनावांच्या भांडणाखालोखाल एका ओळीत लिहिलंत. माझ्या हिशेबी ते पहिल्या ओळीत हवं होतं. दोघींना स्वतः मेसेज करा. कोण होतं ते विचारा, सांगायचं नसेल तर आग्रह धरू नका. नाव कळलं तर त्या माणसाला त्याच दिवशी काढा. समज, ताकीद, दुसरी संधी यातलं काही नको. स्त्रीने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा पाठलागाचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो, हेही त्यांना सांगा. तक्रार करायची की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. आणि गटात नियम करा की कुणालाही खासगीत लिहिण्याआधी गटातच ‘आपल्याला लिहू का’ असं विचारायचं. या नियमाने तुमचे रात्रीचे फोनही कमी होतील. एखादी अनुभवी बाई अ‍ॅडमिन करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी गट सोडण्याआधी सांगायला कुणीतरी असेल.

आता अण्णा.

सर, तुम्ही अण्णांचा उल्लेख पत्राच्या शेवटाकडे केलात आणि लगेच त्यांची बाजूही घेतलीत. माझ्या मते तुमच्या गटाचं सगळ्यांत मोठं दुखणं तेच आहे. अर्जंटवाला येतो आणि जातो. अण्णा रोज असतात. ‘आधी बाळबोध तरी शिकून या’ हे त्यांनी एका मुलीला लिहिलं, पण वाचलं नऊशे जणांनी. त्यातल्या ज्या दहा-वीस जणांना थोडंफार वाचता येत होतं त्यांनी त्या दिवशी मनाशी ठरवलं असेल, आपण कशाला बोला. म्हणजे तुमच्याकडे वाचणारे हात कमी झाले. मग कागद तुंबले, तगादे वाढले, आणि त्या तगाद्यांनी अण्णा आणखी चिडले. तुम्हाला अण्णांचा राग गर्दीचा परिणाम वाटतो. तो गर्दीचं अर्धं कारणही आहे.

राग पसरतोही. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग केला. काहींना अवघड चाचणी देऊन चिडवलं, काहींना सोपी दिली. मग एका लेखाखाली प्रतिक्रिया लिहायला सांगितली, आणि त्याआधी काहींना तिथे खवचट प्रतिक्रिया दाखवल्या, काहींना सौम्य. मन शांत आणि आधीच्या प्रतिक्रियाही सौम्य असताना सुमारे ३५ टक्के लोकांनी वाकडं लिहिलं. मन चिडलेलं आणि आधीच्या प्रतिक्रिया खवचट असताना ६८ टक्क्यांनी. साधी माणसं होती ती, जन्माची भांडखोर नव्हेत. गटात दिवसाची पहिली चार उत्तरं कुणाची येतात यावर त्या दिवसाचा सूर ठरतो, आणि तुमच्याकडे पहिलं उत्तर बहुधा अण्णांचं येत असणार. निवृत्त माणूस, पहाटे उठणारा.

दुसरं असं की मोडीच्या बाबतीत हा आविर्भाव शोभतही नाही, हे अण्णांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आधी पानभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली बोरूने हात न उचलता लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, संक्षेप पावलोपावली, आणि प्रत्येक लेखनिकाचं वळण वेगळं. मुरलेला वाचकही एखाद्या शब्दापाशी अडतो, मागचे-पुढचे शब्द लावून बघतो, त्याच हाताचं दुसरं पान मागतो. दोन जाणकारांचं वाचन वेगळं येणं ही तिथली रोजची गोष्ट आहे. तेव्हा त्या मुलीचं चुकलं असेलही, पण चुकलं म्हणजे काय झालं, तर तिने वाचायचा प्रयत्न केला.

अण्णांना गटात काही लिहू नका. फोन करा, किंवा घर जवळ असेल तर जाऊन या. गटात सुनावलंत तर ते गट सोडतील आणि त्यांच्यामागे चार-पाच जुने लोक जातील; मानापमानाचा प्रयोग महिनाभर चालेल. बोलताना ‘तुम्ही फार चिडता’ असं सुरू करू नका. मी असं म्हणेन : “अण्णा, कागद तुंबलेत आणि तुमच्यासारखं वाचणारे चारच आहेत. आणखी दहा तयार करायचेत, ते तुमच्याशिवाय होणार नाही. ती परवाची मुलगी त्यांतली एक होती.” मग एक मागणं मागा. कुणाचं वाचन दुरुस्त करायचं तर ओळ कितवी, शब्द कुठला, अक्षर कुठलं आणि ते तसं का वाचायचं, एवढं लिहायचं. हा नियम अण्णांपुरता नको, सगळ्यांना लावा. ‘चूक’ असं नुसतं लिहायला कुणालाच परवानगी नाही. याने दोन गोष्टी होतात. चिडून लिहायला वेळ पुरत नाही, कारण अक्षर दाखवावं लागतं. आणि प्रत्येक दुरुस्ती बाकीच्यांसाठी धडा होते.

त्यांना कामही द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या कम्युनिटीत एकाखाली अनेक गट ठेवता येतात. एक गट कागद वाचून हवा असणाऱ्यांचा, दुसरा शिकू पाहणाऱ्यांचा. दुसरा अण्णांच्या ताब्यात. तिथे आठवड्याला एक कागद घ्यावा, लोकांनी लावावा, रविवारी अण्णांनी फोड करून सांगावी. सुहूर आणि फसली या जुन्या कागदांतल्या कालगणनांची सालं कशी काढायची, हे सांगायला त्यांना तिथे हक्काचे श्रोते मिळतील. अशा माणसांना बहुधा तेवढंच हवं असतं, आणि कागदांच्या गटात ते कुणी देत नाही म्हणून ते तिथे कडवट होतात. आणि एवढं करूनही अण्णा नव्यांना टाकून बोलत राहिले तर? व्हॉट्सअ‍ॅपवर एका माणसाला गप्प करायची सोय नाही, काढायचीच आहे. पुन्हा एकदा फोन करून सांगा, आणि तिसऱ्यांदा झालं तर काढा. ज्ञान मोठं आहे म्हणून सूट, हे ज्या गटात एकदा चाललं त्या गटात नवीन ज्ञानी तयार होत नाहीत.

तुमच्या झोपेचं सांगते. नऊशे माणसांना एक अ‍ॅडमिन म्हणजे आत्मघात आहे. आणखी चौघं घ्या, वार वाटून घ्या. तुमच्या वाराला तुम्ही, एरवी गट म्यूट. नवा सदस्य अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच आत येईल अशी सोय सुरू करा आणि मंजुरी देतानाच वरचा मेसेज त्याला पाठवा. आणि ती कागदांची वही चालू ठेवा. महिन्याच्या शेवटी गटात आकडे टाका : इतके आले, इतके वाचून झाले, इतके बाकी. बाकीचे कुणी घेता का? तक्रार करणाऱ्यांपैकी निदान काही जण उठून घेतील.

आता ता. क. त्या गृहस्थांना काढू नका. मोडी वाचणं हे कसब आहे, त्याला वर्षं जातात, डोळे जातात. कुणी त्याचे पैसे घेतले तर त्यात लाजायचं काय? फुकट मिळणाऱ्या ठिकाणी पैसे घेतले म्हणून आपल्याला टोचतं, पण गटात बिनउत्तर पडलेला कागद त्यांनी वाचून दिला असेल तर माणसाचं काम झालं. अटी मात्र घाला. गटात कागद आला की लगेच ‘खासगीत या’ असं लिहायचं नाही, आधी सात दिवस गटाला वाचू द्यायचे. दर काम सुरू करण्याआधी सांगायचा. आणि हे वाचन कार्यालयात चालेल असं वचन द्यायचं नाही. कुठल्या कार्यालयाला कुणाचं लिप्यंतर चालतं ते कागदवाल्याने आधी त्या कार्यालयातच विचारावं, मग पैसे द्यावेत.